चार अंशांची ऊब

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. न्यू जर्सीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात मी बाह्या सरसावून तळ्यात हात घातला होता. तळं म्हणजे केवढं, तर आपल्याकडच्या परसातल्या हौदाएवढं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, मधोमध जेमतेम साडेतीन फूट खोल. घर माझ्या मावसबहिणीचं. पाणी इतकं गार की बोटांना आधी झिणझिण्या आल्या आणि मग बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. जुलैत ज्या पानांच्या सावलीला मासे दडून बसायचे, त्या पानांचा आता तपकिरी लगदा झाला होता. देठ ओढले की हातात येत होते.

"दादा, हे गेलंच ना?" तिने काठावरून विचारलं.

कुंडी वर ओढली, चिखल बाजूला सारला आणि गड्डा उघडा केला. मनगटाएवढा जाड, सुरणासारखा खडबडीत, बाहेरून काळपट, अंगभर गळून गेलेल्या देठांच्या गोल खुणा. नखाने जरा खरवडलं तर आत पांढरं. अंगठ्याने दाबलं तर ताज्या बटाट्यासारखं टणक. आणि टोकाला, मातीच्या लगोलग, सुरळी केलेल्या तांबूस पानांचा एक झुबका. सगळ्यात मोठं पान माझ्या करंगळीच्या नखाएवढं. पुढच्या मे महिन्यात पाण्यावर पसरायची पानं नोव्हेंबरातच घडी घालून तयार होती. झाड मेलं नव्हतं. त्याने वरचा मजला बंद करून तळघरात बिऱ्हाड हलवलं होतं.

या प्रकरणात त्या तळघराची गोष्ट सांगायची आहे. पण आधी नावांचा घोळ मिटवू. आपण मराठीत तळ्यातल्या कुठल्याही मोठ्या फुलाला कमळ म्हणतो. खरं कमळ म्हणजे नेलुम्बो. त्याची पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात, त्यांच्यावर थेंब ठरत नाही, आणि फुलाच्या मध्यभागी झारीच्या तोंडासारखा भोकाभोकांचा भाग असतो. इथली वनस्पती ती नव्हे. ही निम्फिया. हिचं पान पाण्यावर सपाट पडलेलं आणि देठापासून कडेपर्यंत त्याला एक चीर. कुमुद, उत्पल ही आपल्या भाषेतली जुनी नावं हिचीच. गोव्यात हिच्या फुलांना साळकां म्हणतात. रोपवाटिकेत विचारायचं तर 'वॉटर लिली'. मी पुढे नुसतं लिली म्हणणार आहे, कारण कुमुदिनी म्हटलं की साताऱ्याकडच्या वाचकांना कासजवळचं कुमुदिनीचं तळं आठवणार, आणि तिथली झालरीची नाजूक पांढरी फुलं निम्फॉइडिस नावाच्या तिसऱ्याच घराण्यातली आहेत. कमळ आणि लिली दिसतात सख्ख्या बहिणींसारख्या, पण त्यांचं नातं फार लांबचं. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वंशावळीत कमळाचा जवळचा आप्त निघतो तो चिनार. काश्मीरच्या दल सरोवरात कमळ, पांढरी लिली आणि काठावरचा चिनार एकाच दृश्यात दिसतात तेव्हा मला हे हटकून आठवतं.

त्या पांढऱ्या लिलीचं नाव निम्फिया आल्बा. काश्मीरपासून युरोपच्या उत्तरेपर्यंत ती जंगली वाढते. अमेरिकेत तिच्या जागी सुवासिक निम्फिया ओडोराटा आहे. बहिणीच्या घरापासून गाडीने तास-दीड तासावरच्या पाइन बॅरन्स नावाच्या रानात काळ्या, चहाच्या रंगाच्या पाण्याची तळी आहेत, आणि उन्हाळ्यात ती या फुलांनी पांढरी होतात. तिथे हिवाळ्यात कोणी कुंडी हलवत नाही, गड्डे गुंडाळत नाही. तळी गोठतात, वितळतात, लिल्या परत येतात. म्हणून अंगणातल्या लिलीला हिवाळ्यात काय द्यायचं हा प्रश्न पडला, की आधी विचारावं: रानातल्या तळ्यात हिला असं काय मिळतं, जे आपल्या हौदात मिळत नाही?

पहिली गोष्ट म्हणजे खोली. आणि खोली का महत्त्वाची, हे समजायला पाण्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली पाहा. थिजलेलं तेल तळाशी आणि पातळ तेल वर. बहुतेक पदार्थ असेच वागतात. थिजलेला भाग जड होतो आणि बुडतो. पाणी तसं करत नाही. तापमान उतरत जातं तसं पाणी जड होत जातं खरं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. तिथे ते सगळ्यात जड असतं. त्याच्याही खाली गेलं की पुन्हा हलकं व्हायला लागतं, आणि बर्फ झालं की आकारमान जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढतं. आता शरद ऋतूतलं तळं डोळ्यांसमोर आणा. वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली जातं, खालचं वर येतं. असं घुसळत घुसळत सगळं तळं ४ अंशांवर येतं. त्यानंतर वरचं पाणी आणखी गार झालं की ते हलकं असल्यामुळे वरच थांबतं आणि तिथेच गोठतं. बर्फाचं झाकण बसतं. वाऱ्याचं घुसळणं बंद होतं. वर हवा उणे १५ असो की उणे २०, तळाच्या गाळाला लागून असलेलं पाणी ४ अंशांच्या आसपास राहतं. त्यात बर्फावर हिम साचलं तर ते गोधडीचंच काम करतं.

४ अंश ही काही ऊब म्हणायची गोष्ट नाही, असं महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी जानेवारीत कुडकुडलेल्या माणसाला वाटेल. पण लिलीच्या गड्ड्याला तेवढं पुरतं. त्याला मारते ती थंडी नव्हे, बर्फ मारतो. पेशीतलं पाणी गोठलं की स्फटिकांची टोकं पेशीचं आवरण फाडतात, आणि वितळल्यावर तो टणक गड्डा सडलेल्या केळ्यासारखा पिचपिचीत होतो. गोठणबिंदू आणि ४ अंश यांच्यामधल्या एवढ्याशा अंतरात लिलीचं सगळं जगणं-मरणं आहे. रानातल्या तळ्याला खोली आहे, म्हणून गड्डा त्या अंतराच्या बरोबर बाजूला राहतो. अंगणातल्या उथळ हौदात कुंडी काठाच्या पायरीवर, एक फूट पाण्यात ठेवलेली असते. फुलं छान दिसावीत म्हणून उन्हाळ्यात आपणच ती तिथे ठेवतो. हिवाळ्यात तीच जागा घातक. बर्फाचा थर वरून खाली वाढत येतो आणि कुंडीला गाठतो.

म्हणून शरद ऋतूतलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: कुंडी उचलून तळ्याच्या सगळ्यात खोल जागी ठेवणं. दोन-अडीच फुटांहून जास्त पाणी गड्ड्याच्या डोक्यावर असेल, तर न्यू जर्सीसारख्या हवेत त्याची काळजी नको. त्या नोव्हेंबरात मी तेवढंच करत होतो.

आता गाळाकडे येऊ, कारण लिलीचं खरं नवल तिथे आहे. तळ्याच्या तळाचा गाळ म्हणजे काळा, बुळबुळीत, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. त्या वासाचा अर्थ एकच: तिथे प्राणवायू नाही. कुजकट भागावर जगणारे जिवाणू तो केव्हाच संपवून बसलेले असतात. अशा जागी गड्डा जिवंत पेशींचा आहे आणि त्याला श्वास घ्यायचाय. कोकणात आणि गोव्यात लहानपण गेलेल्यांनी याचं उत्तर हाताळलेलं आहे. लिलीचा लांब देठ घ्यायचा, एकदा डावीकडे मोडायचा, एकदा उजवीकडे, साल सुटू द्यायची नाही, की फुलाचं पदक लावलेली माळ तयार. तो देठ मोडताना आत जी भोकं दिसतात त्या हवेच्या नळ्या. आम्ही तळ्यावर अशा माळा करायचोच, पण त्याहून गंमत यायची ती देठाचं एक टोक तोंडात धरून, दुसरं पाण्यात बुडवून फुंकण्यात. हातभर लांब देठातून बुडबुडे सरळ बाहेर यायचे.

या नळ्यांतून झाड स्वतः हवा खेळवतं, हे जॉन डेसी या संशोधकाने १९८० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं. त्याने पाहिली ती लिलीच्याच कुळातली पिवळ्या फुलांची न्यूफर. उन्हात कोवळं पान बाहेरच्या हवेपेक्षा गरम होतं. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून हवा आत येते आणि आत दाब वाढतो. तो दाब हवेला देठातून खाली गड्ड्याकडे ढकलतो. गड्ड्यातून ती जुन्या पानांच्या देठांत शिरते आणि मोठी छिद्रं पडलेल्या त्या पानांतून बाहेर पडते. कोवळी पानं आत ओढणार, जुनी बाहेर सोडणार. एका पानातून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा आत जाऊ शकते, असं त्याने मोजलं. २२ लिटर म्हणजे घरातल्या पाण्याच्या मोठ्या बाटलीहून जास्त, तेही बशीएवढ्या पानातून, कुठलाही हलणारा भाग नसताना. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गावच्या तळ्यावरची पिवळी पडलेली पानं आठवली, जी आम्ही निरुपयोगी म्हणून काठीने बाजूला सारायचो. ती धुराडी होती.

हिवाळ्यात ही सगळी यंत्रणा बंद. पानं नाहीत, ऊन नाही, वर बर्फाचं झाकण. गड्डा चार महिने कसा काढतो? साठवलेला स्टार्च तो प्राणवायूशिवाय मोडतो, म्हणजे यीस्ट पिठाचं जे करतं तसंच, आंबवतो. त्यातून ऊर्जा फार थोडी मिळते आणि मद्यार्क तयार होतो. थोड्या उत्पन्नात संसार चालवायचा तर खर्च कमी हवा, आणि इथे थंडी मदतीला येते. तापमान १० अंशांनी उतरलं की पेशींतल्या क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. ४ अंशांवर गड्डा जेमतेम जागा असतो.

यातून एक गोष्ट निघते, ती नव्या लोकांना पटत नाही. लिलीचा गड्डा बर्फापासून वाचवायचा म्हणून उबदार घरात आणून ठेवला, तर तो उपासाने मरतो. २० अंशांच्या खोलीत तो कोंब काढतो, उजेड नसल्यामुळे कोंब पांढरे आणि लुळे, साठा संपतो, फेब्रुवारीत बुरशी. बहिणीच्या शेजाऱ्यांकडे नुसता लाकडी अर्धा पिंप होता, दीड फुटाचा, तो तळापर्यंत गोठणार हे नक्की. त्यांना मी सांगितलं ते असं: पानं देठापासून कापा, कुंडीतलं जास्तीचं पाणी निथळू द्या, अख्खी कुंडी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि गाडीच्या गॅरेजमध्ये अशा कोपऱ्यात ठेवा जिथे पाणी गोठत नाही पण फ्रीजइतकं गार असतं. महिन्यातून एकदा हात घालून पाहा. माती कोरडी लागली तर पेलाभर पाणी. बस. त्यांची लिली आली वर एप्रिलमध्ये.

बाकीची कामं त्यामानाने हलकी आहेत, पण ती वेळेवर व्हायला हवीत. ऑगस्ट संपला की खत बंद. उशिरा दिलेल्या खताने झाड कोवळी पानं काढत राहतं आणि गड्ड्यात साठा करायचा वेळ वाया जातो. पाणी १५ अंशांच्या खाली उतरायला लागलं की नवी पानं लहान होतात, पाण्याखालीच थांबतात, आणि जुनी पिवळी पडतात. हिरवं पान कापू नये, ते अजून साठा पाठवतंय. पिवळं झालं की मात्र हात खोल घालून, गड्ड्याच्या वर दोन-तीन बोटं सोडून कापावं आणि पाण्याबाहेर काढावं. मेपलची पानं गळायला लागण्याआधी तळ्यावर जाळी टाकावी. हा आग्रह स्वच्छतेचा नाही. पाण्यात राहिलेलं प्रत्येक पान हिवाळाभर कुजत राहतं, प्राणवायू खातं आणि बर्फाखाली मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतं. लिली ते सोसते. तळ्यात मासे असतील तर ते सोसत नाहीत.

माशांसाठीच बर्फात एक भोक उघडं ठेवायचं असतं, वायू बाहेर जायला. तिथल्या दुकानांत त्यासाठी तरंगता हीटर मिळतो. तो तळं तापवत नाही, थाळीएवढी जागा पातळ ठेवतो. हवेचा पंपही चालतो, पण बुडबुड्यांचा दगड तळाशी ठेवायचा नाही, पृष्ठभागापासून फूटभरच खाली ठेवायचा. तळाशी ठेवला तर तो ते जपलेलं ४ अंशांचं पाणी वर उपसतो आणि वरचं गोठायला आलेलं खाली नेतो. म्हणजे निसर्गाने घातलेली गोधडी आपण ओढून काढतो. आणि बर्फ हातोड्याने फोडायचा तर अजिबातच नाही. हादरा पाण्यातून सरळ जातो आणि खाली सुस्तावलेले मासे मरतात. गरम पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवायचं आणि ते आपोआप खाली उतरेपर्यंत थांबायचं.

इतकं सगळं ज्या रंगीत लिल्यांसाठी करायचं, त्या आल्या कुठून? १८७० च्या आधी युरोपातल्या थंडीत तगणारी लिली म्हणजे पांढरी. एखाद्या स्वीडिश तळ्यात तिचा लाल अवतार सापडलेला, एवढंच. पिवळे, गुलाबी, किरमिजी रंग उष्ण प्रदेशात, काचघरांत. फ्रान्सच्या नैऋत्येला तेंपल-स्युर-लो या गावी जोसेफ बोरी लातूर-मार्लिआक नावाच्या माणसाने १८७५ साली रोपवाटिका काढली. सुरुवात बांबूपासून, आणि मग तो लिल्यांकडे वळला. उत्तरेकडच्या पांढऱ्या लिलीचा चिवटपणा आणि दक्षिणेकडच्या जातींचा रंग एका गड्ड्यात आणायचा, हा त्याचा ध्यास. त्याची प्रसिद्ध पिवळी 'मार्लिआसिआ क्रोमाटेला' ही युरोपची आल्बा आणि मेक्सिकोकडची पिवळी मेक्सिकाना यांच्या संकरातून आली असं मानलं जातं. तो आपल्या संकरांची कृती उघड करत नसे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, जिथे आयफेल टॉवर नवाकोरा उभा होता, त्याच्या लिल्या मांडलेल्या होत्या, आणि त्या पाहणाऱ्यांत चित्रकार क्लोद मोने होता.

मोनेच्या चित्रांबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला त्यातली एक तारीख महत्त्वाची वाटते. १८९३ च्या जानेवारीत सीन नदीवर बर्फ आला होता आणि मोने बेनकूरजवळ वाहत्या हिमखंडांची चित्रं काढत होता. लगेच फेब्रुवारीत त्याने जिव्हर्नीच्या आपल्या घरासमोर, रेल्वेरुळांच्या पलीकडे, तळ्यासाठी जमीन घेतली. एप्त नदीचा ओहोळ वळवायला गावकऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी झाडांनी पाणी विषारी होईल ही त्यांची भीती. परवानगी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी त्याने लातूर-मार्लिआककडे रोपं मागवली. जो माणूस नुकताच नदीवरचा बर्फ रंगवून आला होता, त्याला तगणाऱ्याच लिल्या हव्या होत्या. त्या तळ्याची त्याने पुढे सुमारे २५० चित्रं काढली, आणि ते शक्य झालं कारण त्या लिल्या दरवर्षी परत येत होत्या.

इथे क्षणभर थांबायला हवं. अशी निवडक जात बियांतून हुबेहूब उतरत नाही. ती वाढवायची एकच रीत, गड्ड्याचे तुकडे करणं. सुरीने डोळ्यासकट तुकडा कापायचा आणि लावायचा, सुरणासारखंच. म्हणजे आज न्यू जर्सीत, टोकियोत किंवा पुण्यातल्या गच्चीवर जी क्रोमाटेला आहे, ती त्याच एका झाडाचा तुकडा आहे, जे १८८० च्या दशकात तेंपल-स्युर-लोच्या तळ्यात पहिल्यांदा फुललं. ती रोपवाटिका अजून चालू आहे. बहिणीच्या तळ्यातून मी वर काढलेला गड्डा क्रोमाटेलाचा होता. त्याने शंभराहून जास्त हिवाळे पाहिलेत.

पण त्याच तळ्यात आदल्या वर्षी एक जांभळी लिली होती, आणि ती मेली होती. जिथून आणली त्या दुकानात बहिणीने विचारलं होतं की ही थंडीत टिकेल का. "लिली ती लिली, खोल ठेवा," असं उत्तर मिळालं. तिने खोल ठेवली. मार्चमध्ये कुंडीत काळं पाणी होतं. तिला त्या झाडाचं फार वाईट वाटलं, कारण त्याचा रंग अगदी आमच्या गावच्या तळ्यातल्या फुलांसारखा होता. त्यातच उत्तर होतं. निळा-जांभळा रंग आणि पाण्याच्या वर देठावर उभं राहणारं फूल ही उष्ण कटिबंधातल्या लिल्यांची खूण. आपली निम्फिया नौचाली त्यांतलीच. थंडीत तगणाऱ्या लिल्यांत निळा रंग नव्हताच. हा दोन्हींचा संकर साधायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. थायलंडच्या पैरात सोंगपानिच यांची 'सियाम ब्लू हार्डी' २००७ साली आली.

उष्ण कटिबंधातल्या लिलीला ४ अंशांचं पाणी ऊब देत नाही. तिच्या पेशींची आवरणं १० अंशांच्या खालीच बिघडायला लागतात. बर्फ व्हायची वाट ती पाहत नाही. मग ती कमकुवत आहे का? मला तसं वाटत नाही, आणि या प्रकरणात मला जे मनापासून सांगायचंय ते इथेच आहे. प्रत्येक झाड आपल्या गावच्या संकटाची तयारी करतं. उत्तरेकडचं संकट बर्फ. आमच्याकडचं संकट मे महिना.

आमच्या गावचं देवळामागचं तळं एप्रिलअखेर आटायचं. लिलीची पानं चिखलावर पापडासारखी वाळायची. मेच्या मध्यावर तळाला भेगा पडायच्या, हाताचा पंजा जाईल एवढ्या, आणि आम्ही मुलं त्यावर क्रिकेट खेळायचो. एकदा स्टंप ठोकताना ढेकूळ उखडलं आणि त्याच्या पोटात अक्रोडाएवढा, काळा, केसाळ गोळा निघाला. आजीने सुरीने चिरून दाखवला. आत पिवळट पांढरा, कोरडा, पिठूळ. "लिलीचा कांदो," ती म्हणाली, आणि उरलेला परत भेगेत सोडायला लावला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तळं भरलं की पंधरवड्यात पानं वर.

ही तयारी कोरडेपणाची आहे. पाणी संपत आलं, दिवस प्रतिकूल झाले, की उष्ण कटिबंधातल्या अनेक लिल्या गड्ड्याच्या बुडाशी असा घट्ट कंद करतात आणि बाकी सगळं सोडून देतात. तो कंद कोरडा राहू शकतो. पण गारठ्यात ओला राहू शकत नाही. ओला ठेवला की सडतो. दुकानदाराचा सल्ला एका लिलीसाठी बरोबर होता आणि दुसरीसाठी नेमका उलटा.

म्हणून न्यू जर्सीतल्या जांभळ्या लिलीला वाचवायचं तर तिच्यासाठी आपल्याकडचा मे महिना घडवावा लागतो, फक्त जरा गार. दुसऱ्या वर्षी नवी जांभळी लिली आणून आम्ही ते केलं. ऑक्टोबरात पहिलं हलकं दहिवर पडू दिलं, कारण पाणी गार होत जातं तसा कंद धरतो. फार लवकर काढलं तर हाती काहीच लागत नाही. मग कुंडी बाहेर काढून सावलीत ठेवली आणि माती हळूहळू सुकू दिली. तीन आठवड्यांनी कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली. मधला गड्डा मऊ पडलेला, पण त्याच्या खाली तीन गोळे, दोन सुपारीएवढे आणि एक अक्रोडाहून जरा मोठा. मुळांचे केस चोळून काढले, धुतले, दाबून पाहिले. एक लहान गोळा बोटाखाली दबला, तो टाकला. उरलेले दोन काचेच्या बरणीत, जेमतेम ओलसर वाळूत. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये, एवढीच ओल. बरणी तळघरात, १० ते १५ अंशांच्या मध्ये.

काही जाती हे कष्ट कमी करतात. 'डॉबेन' नावाची फिकट निळी लिली पानावरच, देठ जिथे जोडतो तिथे, पिल्लू रोप काढते. ते खुडून खिडकीतल्या मत्स्यपेटीत हिवाळाभर ठेवता येतं. आणि काही लिल्यांच्या बाबतीत माणसाने हार मानलीये. अॅमेझॉनकडची महाकाय व्हिक्टोरिया, जी जोसेफ पॅक्स्टनने १८४९ च्या नोव्हेंबरात चॅट्सवर्थच्या काचघरात इंग्लंडात पहिल्यांदा फुलवली, ती लंडनच्या क्यू उद्यानात आजही दरवर्षी बियांपासून नव्याने वाढवतात. तिथल्या हिवाळ्यातला अपुरा उजेड तिला काचघरातही पुरत नाही. बी मात्र पाण्यातच जपायचं, वाळलं की ते मरतं.

महाराष्ट्रात यातलं फारसं काही लागत नाही. निफाडकडे किंवा विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा उतरतो तेव्हा टबातली लिली पानं लहान करते, फुलणं थांबवते. अशा वेळी खत देऊ नये, माती बदलू नये, टब दिवसभर ऊन येईल अशा भिंतीशी सरकवावा. एवढं पुरे. आपल्या लिलीचा कठीण काळ पुढे, उन्हाळ्यात असतो, आणि तळी गाळ उपसायच्या नावाखाली यंत्राने तळापर्यंत खरवडली जातात तेव्हा तो काळ तिला पार करता येत नाही. तळ्याचा गाळ काढावा, जरूर काढावा, पण एक कोपरा सोडावा. मी ग्रामपंचायतींतल्या ओळखीच्या लोकांना हे सांगत असतो.

बरणी मार्चअखेर उघडली. दोन्ही कंद टणक. काचेच्या वाडग्यात कोमट पाणी घेतलं आणि वाडगा दक्षिणेकडच्या खिडकीत, खालून गरम हवा येणाऱ्या जाळीवर ठेवला, म्हणजे पाणी २५ अंशांच्या आसपास राहतं. अकराव्या दिवशी मोठ्या कंदाच्या डोक्यातून दोऱ्यासारखं काहीतरी निघालं आणि त्याच्या टोकाला बाणाच्या पात्यासारखं, चिंचेच्या कोवळ्या पाल्याच्या रंगाचं पान. बहिणीने फोटो पाठवला. मी तेव्हा गावी होतो. देवळामागच्या तळ्यात घोट्याएवढं पाणी उरलं होतं.

रोप दोन-तीन पानांचं झालं, त्याला स्वतःची पांढरी मुळं फुटली, की ते कंदापासून अलगद तोडून छोट्या कुंडीत लावायचं. मोठ्या तळ्यात मात्र ते घाईने न्यायचं नाही. तळ्याचं पाणी रात्रीसुद्धा २१ अंशांच्या वर राहायला लागेपर्यंत थांबायचं. तिथे ते जूनच्या सुरुवातीला जमतं. तोवर कंद फेकू नये. तो परत वाडग्यात सोडला तर पुन्हा कोंब काढतो. त्या वर्षी तिच्या मोठ्या कंदाने तीन रोपं दिली. तिसरं तिने शेजाऱ्यांच्या पिंपात लावलं.